देवीचा रोगी कळवा

माझ्या आईच्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, जुन्या रुपयाएवढे दोन वण होते. देवी टोचल्याच्या खुणा. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत बसायचो. आपल्या भाषेत रोगाचं नाव देवी आणि त्यावरच्या लशीचं नावही देवीच. ‘पोराच्या देवी काढल्या का?’ असं कुणी विचारलं, की प्रश्न आजाराचा नसून टोचणीचा आहे हे सांगावं लागत नसे. वण एवढे मोठे का, ते मात्र मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे लस टोचणाऱ्यांजवळ दाते असलेली एक लहानशी चकती असे. ती कातडीवर दाबून गरगर फिरवायची. जखम व्हायची, चिघळायची, आठवडाभर हात उचलवत नसे. टोचणारा गावात शिरला की बायका पोरांना घेऊन शेतात पळत, त्याला कारण नुसती अंधश्रद्धा नव्हती.

ही लस आपल्याकडे आली कधी? १४ जून १८०२ रोजी. बगदाद आणि बसरामार्गे आलेली लस त्या दिवशी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली, आणि ती हिंदुस्थानातली पहिलीच होती. तिच्या हातावरच्या फोडातली लस दुसऱ्याच्या हातावर, त्याच्यावरून तिसऱ्याच्या, अशी ती पुण्याला, सुरतेला, हैदराबादला पोहोचली. म्हणजे माझ्या आईला देवी टोचल्या तेव्हा लस या भूमीवर शंभर वर्षांहून अधिक काळ होती. रोगही होता. लस असताना रोग का गेला नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. ज्या माणसाने त्याचं उत्तर शोधण्यात आयुष्य घातलं, त्याची ही हकीकत आहे.

त्या उत्तराचा एक तुकडा माझ्या पिढीने भिंतीवर वाचलेला आहे. देवीच्या रोग्याची खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे. हजार रुपये ही तेव्हा फार मोठी रक्कम होती. भिंतीवर लस घ्या असं नव्हतं, कळवा असं होतं. त्या एका क्रियापदामागे किती विचार होता हे तेव्हा आम्हाला काय ठाऊक!

डोनाल्ड ऐन्स्ली हेंडरसन हे त्याचं पूर्ण नाव, पण सगळं जग त्याला डी. ए. म्हणे. जन्म १९२८चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या लेकवुडचा. व्हायचं होतं हृदयरोगतज्ज्ञ. पण त्या काळी अमेरिकेत तरुण डॉक्टरांना सक्तीची लष्करी सेवा चुकत नसे, आणि तिच्याऐवजी दोन वर्षं सरकारी आरोग्य खात्यात काढली तरी चालत. म्हणून १९५५ साली तो अटलांटाला ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’मध्ये दाखल झाला. ही सेवा १९५१ साली उभी केली होती अलेक्झांडर लँगम्युर या साथरोगतज्ज्ञाने, आणि तिचा जन्म भीतीतून झाला होता. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि शत्रू रोगजंतू सोडेल अशी धास्ती होती. लँगम्युरने त्या धास्तीचा उपयोग करून सरकारकडून पैसे मिळवले आणि तरुण डॉक्टरांना वेगळंच शिक्षण दिलं: कुठे साथीची बातमी आली की त्याच दिवशी बॅग उचलून निघायचं, घरोघर विचारायचं, मोजायचं, नकाशावर मांडायचं आणि परत येऊन लिहायचं.

लँगम्युरचा आग्रह एकच होता. रोगाची माहिती गोळा करून ती कपाटात ठेवायची नसते. जमवा, जुळवा, अर्थ लावा, आणि ज्यांना काही करता येईल त्यांच्या हातात लगेच परत द्या. यालाच आज आपण रोग सर्वेक्षण म्हणतो. शब्द सरकारी आहे, कोरडा आहे, पण त्यातला गाभा गावातल्या जागल्याच्या कामासारखा आहे. दोन वर्षांसाठी आलेला हेंडरसन या कामात असा गुंतला की हृदयरोग मागेच राहिला. १९६१ साली तो तिथल्या सर्वेक्षण विभागाचा प्रमुख झाला.

१९६६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत देवी-निर्मूलनाच्या खर्चाचा ठराव आला. वर्षाला २४ लाख डॉलर. ठराव अगदी थोडक्या मतांनी मंजूर झाला. खुद्द महासंचालक मार्कोलिनो कँडाउ यांचा या मोहिमेवर विश्वास नव्हता, कारण मलेरिया-निर्मूलनाची मोठी मोहीम नुकतीच फसली होती. मोहीम बुडणारच असेल तर खापर अमेरिकेच्या डोक्यावर फुटू दे, असा हिशेब करून त्यांनी अमेरिकी प्रमुख मागितला. अशा रीतीने ३८ वर्षांचा हेंडरसन जिनिव्हाला, संघटनेच्या मुख्यालयात, पोहोचला.

आकडे पाहिले तर कुणीही हबकावं. १९६७ साली जगात देवीचे एक ते दीड कोटी रोगी होत असावेत आणि सुमारे २० लाख माणसं मरत असावीत, असा अंदाज नंतर बांधला गेला. मात्र त्या वर्षी देशोदेशींच्या सरकारांनी जिनिव्हाला कळवलेले रोगी होते १ लाख ३१ हजारांच्या आसपास. शंभरातला एकच कळत होता. नव्याण्णव रोगी आकड्यांच्या जगात नव्हतेच. मला वाटतं, हेंडरसनच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या एका तफावतीत आहे.

त्याने आधी लशीकडे पाहिलं. देशोदेशींच्या लशी तपासल्या तेव्हा दहातली एकही धड निघेना. उन्हाळ्यात चार दिवसांत निकामी होणारी लस देऊन आकडे भरले जात होते. मग सगळीकडे गोठवून वाळवलेली लस आली, उष्णता सोसणारी. सुईही बदलली. टोकाला दोन दाते असलेली लहानशी सुई, दोन दातांच्या मध्ये लशीचा एक थेंब अडकतो, आणि पंधरा वेळा भराभर टोचलं की झालं. शिकवायला अर्धा तास पुरे. दाते असलेली ती चकती इतिहासजमा झाली.

पण सगळ्यांना लस द्यायची म्हटलं की भारतासारख्या देशात दरवर्षी कोट्यवधी नवी मुलं जन्माला येणार. आपल्याकडे १९६२पासून सार्वत्रिक लसीकरण चाललं होतं, कागदावर टक्केवारी उत्तम होती, आणि रोग मजेत होता. लस मिळे ती शाळेतल्या मुलांना, सहज सापडणाऱ्यांना, पुन्हा पुन्हा त्यांनाच. रोग होता पालांवर, विटभट्ट्यांवर, फलाटांवर.

वाट सापडली ती पूर्व नायजेरियात. डिसेंबर १९६६मध्ये विल्यम फेगी नावाच्या डॉक्टरपुढे एक साथ आली आणि लस पुरेशी नव्हती. त्याने मिशनऱ्यांच्या बिनतारी संदेशयंत्रांवरून खेड्याखेड्यांतून रोग्यांची खबर मागवली, नकाशा पुढे घेतला, रोग कुठल्या बाजारांकडे जाईल याचा अंदाज बांधला आणि फक्त त्या रोग्यांभोवती व त्या वाटांवर लस दिली. साथ थांबली. आग लागलेल्या घरावर पाणी ओतायचं, अख्खं गाव भिजवायचं नाही. हेंडरसनच्या मूळ आराखड्यात सर्वेक्षण होतंच. फेगीच्या अनुभवाने ते मोहिमेच्या मध्यभागी आलं.

हे साधलं याला देवीच्या रोगाचा स्वभावही कारण आहे, हे लक्षात ठेवायला हवं. हा रोग फक्त माणसाला होतो, कुठल्या प्राण्यात लपून बसत नाही. संसर्गानंतर साधारण बारा दिवस माणूस बरा दिसतो आणि रोग पसरवत नाही. पसरवू लागतो तेव्हा तोंडावर फोड दिसतात, लपवता येत नाहीत. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत लस मिळाली तरी रोग बहुधा टळतो. म्हणजे रोगी वेळेत सापडला तर त्याच्याभोवती वेढा घालायला वेळ मिळतो. कोविडने आपल्याला यातलं जवळजवळ काहीच दिलं नाही. लक्षणं दिसण्याआधीच पसरणाऱ्या रोगाला देवीचा धडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण रोगी सापडला पाहिजे ही अट तिथेही सुटली नाही.

१९७३च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पहिल्यांदा ठरवून गावोगाव शोध घेतला गेला. आरोग्य खात्याचे लोक काही दिवसांसाठी आपापली कामं बाजूला ठेवून फक्त एक प्रश्न विचारत फिरले. हातात देवी आलेल्या बाळाचं चित्र असलेलं एक कार्ड. असं पोर पाहिलंत का कुठे? काही शे रोगी सापडतील अशी अपेक्षा होती. सापडले जवळपास दहा हजार. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बहुतेक राज्यकर्ते कच खातात. आकडा वाढला म्हणजे साथ वाढली आणि आपण हरलो, असंच त्यांना वाटतं. खरं तर रोग तेवढाच होता, नजर वाढली होती. आणि जिथे प्रामाणिक नजरेला शिक्षा मिळते, तिथे पुढच्या वेळी कुणी पाहत नाही.

१९७४ हे वर्ष भयंकर गेलं. भारतात त्या वर्षी १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसं दगावली, बहुतेक बिहारात. मे महिन्यात एकीकडे देशभर रेल्वेचा संप चालू होता, दुसरीकडे पोखरणचा अणुस्फोट झाला, आणि परदेशी वर्तमानपत्रं एकाच पानावर बॉम्ब आणि देवी छापू लागली. वरून दडपण आलं की हे शोधबिध पुरे, पुन्हा सगळ्यांना सरसकट लस द्या. डॉ. एम. आय. डी. शर्मा, महेंद्र दत्त यांच्यासारखे भारतीय अधिकारी, दिल्लीतल्या प्रादेशिक कार्यालयातली फ्रेंच डॉक्टर निकोल ग्रासे आणि जिनिव्हाहून हेंडरसन, हे सगळे पाय रोवून राहिले. त्याच वर्षी दूरदूरच्या साथींचा माग काढता काढता तो टाटानगर स्टेशनशी येऊन थांबू लागला. जमशेदपुरातून गावी परतणारे मजूर गाडीतून रोग नेत होते. तेव्हा लॅरी ब्रिलियंट या तरुण अमेरिकी डॉक्टरने टाटांचं दार ठोठावलं. जे. आर. डी. टाटांच्या कंपनीने डॉक्टर, जीप आणि माणसं दिली, आणि छोटा नागपूरच्या पट्ट्यात शोध नीट उभा राहिला.

एका रोग्याची खबर आली की काय होई? त्याच्या घराबाहेर रात्रंदिवस पहारेकरी बसत, बहुधा गावातलेच, रोजंदारीवर. आत जाणाऱ्याला लस टोचल्याशिवाय सोडायचं नाही. आसपासची घरं मोजून प्रत्येकाला लस. घरच्यांनी गेल्या आठवड्यात कुणाकडे लग्नाला हजेरी लावली, कुठल्या बाजाराला गेले, याची यादी, आणि तिथे दुसरी तुकडी रवाना. पुढे घरोघरचा शोध एवढा मोठा झाला की एका फेरीत लाखाहून अधिक कर्मचारी दहा कोटींहून अधिक घरांच्या दारांत उभे राहत. पन्नास रुपयांचं बक्षीस शंभर झालं, मग हजार. रोग जितका दुर्मिळ होत गेला तितकी त्याच्या खबरेची किंमत वाढत गेली.

या विजयात एक डाग आहे आणि तो झाकून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अखेरच्या टप्प्यात काही ठिकाणी रात्री घरांत घुसून, माणसांना धरून लस टोचली गेली. ब्रिलियंटने स्वतः अशी एक रात्र लिहून ठेवली आहे, आणि इतिहासकार पॉल ग्रीनो यांनी या सक्तीचा सविस्तर अभ्यास केला आहे. रोग संपला, त्यामुळे त्या सक्तीची चर्चाही संपली. पण ज्यांचे हात धरले गेले त्यांच्या घरांत लशीची आठवण कशी राहिली असेल? पुढच्या प्रत्येक मोहिमेला त्याच दारांत जायचं होतं.

२४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंजमध्ये बांगलादेशातून आलेल्या एका भिकारीण बाईच्या अंगावर फोड उठले. ती भारतातली अखेरची रोगी. १५ ऑगस्ट १९७५ला देवीपासून स्वातंत्र्य मिळाल्याचं जाहीर झालं. जगाबद्दलची घोषणा ८ मे १९८० रोजी झाली. एकूण खर्च सुमारे ३० कोटी डॉलर.

एखाद्याचं आयुष्य इथेच कृतार्थ झालं असतं. हेंडरसन १९७७मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचा अधिष्ठाता झाला, तेरा वर्षं शिकवत, चालवत राहिला. पण १९७८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात, जिथे देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा होती त्याच इमारतीत काम करणाऱ्या एका छायाचित्रकार महिलेला देवी झाल्या आणि ती दगावली. निसर्गातला रोग संपला होता. हा काचेच्या कुपीतून आला होता. त्यानंतर जगभरच्या कुप्या नष्ट झाल्या किंवा दोनच ठिकाणी गोळा झाल्या: अटलांटा आणि मॉस्को.

आणि मग १९९२ साली सोव्हिएत जैविक शस्त्र कार्यक्रमातला एक वरिष्ठ अधिकारी, केन अलिबेक, अमेरिकेत आला. त्याने सांगितलं की सोव्हिएत संघाने देवीचा विषाणू शस्त्र म्हणून टनावारी वाढवला होता. हेंडरसनला हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करून पाहा. या मोहिमेला सर्वांत जास्त लस दिली होती ती सोव्हिएत संघाने, एक अब्जाहून अधिक मात्रा. जगभरच्या निर्मूलनाची मूळ सूचनाच मांडली होती विक्टर झ्दानोव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने, १९५८ साली. एका हाताने जो देश जगाला लस वाटत होता, त्याचाच दुसरा हात हे करत होता. १९७१ साली अराल समुद्राकाठच्या अराल्स्क गावात दहा जणांना देवी झाल्या, तिघे दगावले, आणि ती साथ जिनिव्हाला कळवलीच गेली नाही. तीस वर्षांनी जगाला कळलं.

१९९८ साली, सत्तरीत, हेंडरसनने जॉन्स हॉपकिन्समध्ये जैविक हल्ल्यांपासून नागरिकांच्या बचावाचा अभ्यास करणारं केंद्र काढलं. २००१च्या जून महिन्यात या केंद्राने इतर संस्थांबरोबर ‘डार्क विंटर’ नावाची एक रंगीत तालीम घेतली. अमेरिकेत कुणीतरी देवीचा विषाणू सोडला आहे असं धरून, खरेखुरे माजी नेते आणि अधिकारी टेबलाभोवती बसले. सॅम नन हे माजी सिनेटर राष्ट्राध्यक्ष झाले. लस एक कोटी वीस लाख लोकांपुरतीच. दोन दिवसांत सगळा डोलारा कोसळला. लस संपली हे तर खरंच, पण टेबलाभोवतीच्या माणसांना सगळ्यांत जास्त छळलं ते या प्रश्नाने: आत्ता रोगी किती, कुठे, आणि ते कुणाकुणाला भेटले? उत्तर कुणाकडेच नव्हतं. १९६७ साली जिनिव्हाच्या टेबलावर पडलेला तोच कोरा कागद.

तीन महिन्यांत न्यूयॉर्कचे मनोरे पडले, पाठोपाठ टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं आली. २२ जणांना बाधा झाली, पाच जण दगावले. ७३ वर्षांच्या हेंडरसनला वॉशिंग्टनला बोलावून सार्वजनिक आरोग्य सज्जतेच्या नव्या कार्यालयाचं प्रमुखपद दिलं गेलं. प्रत्येक अमेरिकी नागरिकाला पुरेल एवढी देवीची लस साठवायचं ठरलं आणि ती साठवलीही गेली. मात्र पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना आधीच लस द्यायची योजना चाळीस हजारांच्या आसपासच अडकली. काहींना हृदयाचा दाह झाला, आणि न दिसणाऱ्या धोक्यासाठी दिसणारा धोका पत्करायला लोक तयार झाले नाहीत.

गोदाम भरणं सोपं असतं, त्याचं उद्घाटन करता येतं. खेड्यातल्या दवाखान्यात वेगळा ताप ओळखणारी परिचारिका, तिचा फोन उचलणारा जिल्ह्यातला अधिकारी, नमुना त्याच दिवशी तपासणारी प्रयोगशाळा, यांचं उद्घाटन होत नाही. त्यांचे पगार दरवर्षी द्यावे लागतात, साथ नसलेल्या वर्षीही. जागतिक आरोग्य सुरक्षा हा जडजंबाल शब्द मी वाचतो तेव्हा मला हेच पगार आठवतात.

२००६ साली हेंडरसन आणि तीन सहकाऱ्यांनी इन्फ्लुएंझाच्या जागतिक साथीवर एक निबंध लिहिला. तेव्हा संगणकावरची प्रतिरूपं शाळा बंद ठेवा, लोकांना कोंडून ठेवा असं सुचवू लागली होती. साथीत समाजाचे रोजचे व्यवहार जितके कमी मोडतील तितका समाज ती नीट सोसतो, असं या चौघांनी मांडलं. २०२० साली हा निबंध पुन्हा उघडला गेला आणि त्यावर कडाक्याचे वाद झाले. हेंडरसन तेव्हा नव्हता. १९ ऑगस्ट २०१६ रोजी तो गेला. कोविडच्या बाबतीत तो सगळा बरोबर ठरला असता असं मला वाटत नाही. लस नसताना आणि दवाखाने भरून वाहत असताना काही दारं लावावीच लागली. पण बिहारच्या दारांत उभा राहिलेला माणूस दार बंद करण्याची किंमत प्रतिरूप मांडणाऱ्यांपेक्षा जास्त ओळखत होता, एवढं नक्की.

त्याची एक मागणी अखेरपर्यंत अपुरी राहिली. उरलेल्या कुप्या नष्ट करा, असं तो सांगत राहिला. ठरलेल्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. विषाणू अजून अटलांटात आहे आणि, मॉस्कोहून हलवलेला, सायबेरियातल्या कोल्त्सोवोत आहे.

निसर्गात देवी झालेला अखेरचा माणूस सोमालियातल्या मेर्का गावचा. अली माओ मालिन, तेवीस वर्षांचा, तिथल्याच दवाखान्यात स्वयंपाकी. १९७७च्या ऑक्टोबरात एक गाडी दोन रोगी मुलांना घेऊन वाट विचारत आली. हा वाट दाखवायला आत बसला, काही मिनिटंच. त्याला लस मिळालेली नव्हती. पुढे ताप आला तेव्हा दवाखान्याने मलेरिया म्हटलं, फोड आले तेव्हा कांजिण्या. त्याला स्वतःला शंका आली होती, पण विलगीकरणात टाकतील या भीतीने तो गप्प राहिला. शेवटी तिथल्या एका परिचारकाने कळवलं. बक्षीसही घेतलं. त्याच्या संपर्कातली १६१ माणसं शोधून काढली गेली, दवाखान्यात नवे रोगी घेणं थांबलं, गावात येणाऱ्या-जाणाऱ्या वाटांवर पहारे बसले आणि दोन आठवड्यांत ५४ हजारांहून अधिक लोकांना लस दिली गेली. त्याच्यापासून एकालाही देवी झाल्या नाहीत.

मालिन बरा झाला. पुढे सोमालियात पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा तो तिच्यात गेला. लस नको म्हणणाऱ्या आयांना तो आपलीच गोष्ट सांगे, की टोचून घ्यायची भीती वाटली म्हणून मी लस टाळली होती. जुलै २०१३मध्ये, पोलिओने तिथे पुन्हा डोकं वर काढलं असताना, मेर्का भागात लसीकरणासाठी फिरता फिरताच त्याला ताप आला. तो या वेळी खरोखरच मलेरिया होता आणि त्यातच तो गेला.